चार बोटं खाली

२ फेब्रुवारी

तिखटाबाईस,

आशीर्वाद आहेतच, ते धरून चाल. फोनवर आपलं दोन मिनिटांच्या वर टिकत नाही. तू "ऐक ना दादा" म्हणतेस आणि मग मलाच ऐकवत बसतेस. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून लिहितोय.

डोकं सणकलंय. सोमवारी पहिला किरण झाला. तू जसल्या खोलीत रोज माणसं झोपवतेस तसलीच खोली असणार. मला थंड फळीवर आडवं केलं, हात डोक्यावर घ्यायला लावले, म्हणाले हलायचं नाही, आणि ते जाडजूड दार लावून सगळे बाहेर पळाले. मी म्हटलं, आता काहीतरी मोठं होणार. थोडी घरघर झाली आणि मशीनवाल्या बाई परत आत. "झालं काका." झालं? मला दाढी करायला याहून जास्त वेळ लागतो.

बाहेर येऊन चष्मेवाल्या डॉक्टरांना धरलं. ते म्हणाले, "लो डोस आहे, मुद्दाम कमी ठेवलाय." का, तर म्हणे अभ्यास चालू आहे, केमो, ती इम्युनोथेरपीची सलाईन आणि हा कमी किरण असं तिन्ही मिळून देऊन बघायचं. बघायचं! माझ्या शेजारच्या बाकावर एक रिटायर कंडक्टर बसतात. त्यांना पंचवीस वेळा किरण, पूर्ण डोस. मला चार वेळा आणि तोही कमी. मी काय अर्ध्या तिकिटावर आलोय? अठ्ठावन्न म्हणजे काय वय झालं का, की आता याच्यावर कशाला मेहनत घ्या?

आणि तो किरण तरी नीट जागेवर मारावा की नाही? ऑपरेशनमध्ये सगळं काढलं म्हणतात. मग दुखतं का? दुखतं ते डावीकडे, खाली, टाके आहेत तिथे. म्हणजे काहीतरी राहिलंय, हे शेंबड्या पोरालाही कळेल. आणि हे मारतायत कुठे? उजव्या बरगडीखाली. म्हणे लिव्हरला शेक! आग कुठे लागलीय आणि पाणी कुठे ओततायत.

तर आता ऐक, तुझा भाऊ काय करून बसलाय ते. त्या बाईंनी पोटावर जांभळ्या मार्करने फुल्या काढल्या होत्या आणि वरून चिकटपट्टी लावली होती. पट्टीखाली खाज सुटली. मी पट्टी काढली, आंघोळीत फुल्या निम्म्या पुसल्या. नीट बघितलं तर मधली फुली साफ वाकडी. चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या मी, वाकडी रेघ माझ्या पोटावर मी कशी ठेवून घेईन? तसलाच जांभळा मार्कर आणला, कपाटाच्या आरशासमोर उभा राहिलो, ओळंबा सोडला आणि सगळ्या फुल्या सरळ रेषेत परत काढल्या. दुकानांच्या काचांवर आतल्या बाजूने उलटी अक्षरं काढणाऱ्या माणसाला आरशाचं काय अवघड? आणि काढतोच आहे तर म्हटलं, योग्य जागी काढू. चार बोटं खाली घेतल्या आणि डावीकडे सरकवल्या. जिथे दुखतं तिथे. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की मीटिंगा घेतात.

उद्या दुसरा किरण. बघ आता कसा गुण येतो.

तुझा,
दादा

८ फेब्रुवारी

दादा,

साष्टांग नमस्कार वगैरे पुढच्या पत्रात. आज हात जोडायचे म्हटले तर ते तुझ्या गळ्याकडे जातील.

तुझं पत्र मी ड्यूटीवर जाताना जिन्यात वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. वहिनीला लावला, ती म्हणाली, "सगळं ठीक आहे, जेवलेत, झोपलेत." मग सरळ तुझ्या दवाखान्यात फोन केला, ओळख सांगितली, तुमच्याच धंद्यातली आहे म्हटलं, आणि मशीनवर कोण असतं ते विचारलं. तेव्हा कळलं की दुसऱ्या किरणाच्या दिवशी तुला फळीवरून उठवून घरी पाठवलं. तू ते मला कळवलं नाहीस. "मशीन बिघडलं" असं तुला सांगितलं ना? मशीन ठणठणीत होतं. किरण सोडायच्या आधी फोटो काढतात, त्यात आतलं काही जुळेना. वरून खुणा अगदी सुबक, आणि खाली भलतीच जागा. त्या बाईंना घाम फुटला. त्यांना वाटलं आपणच चुकलो. वरिष्ठांनी त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवलाय. चौदा वर्षांत पहिल्यांदा. केलं कुणी आणि भोगतंय कोण, याचा जरा विचार कर. तुझा प्रताप मी तिथे सांगितला नाही, तो तुझ्याच तोंडून कळायला हवा.

दादा, मी रोज अशा खुणा काढते. माझं पोट त्यावर भरतं. माणसाचं अंग सरळ नसतं, म्हणून फुली वाकडी दिसते. ती आतल्या अवयवाला बघून काढलेली असते, तुझ्या कपाटाच्या आरशाला बघून नाही. तू रंगवलेल्या पाटीवरचा काना कुणी गिऱ्हाईकाने येऊन आपल्या मनाने सरकवला, तर तू त्याचा हात पिरगाळशील. आणि इथे पाटी नव्हती, तू होतास. फोटो काढायची पद्धत नसती तर? नुसत्या विचारानेच माझ्या अंगावर काटा येतो, आणि मग तुझा इतका राग येतो की विचारू नकोस.

दुखतं तिथे आजार, हा हिशोब कुठल्या शाळेत शिकलास? आतड्यातली गाठ ऑपरेशनमध्ये निघाली. तिथे जे दुखतंय ते टाक्यांचं, आतून भरून येतंय म्हणून. लढाई आता लिव्हरमध्ये आहे. तिथे तीन गाठी आहेत, एक वरच्या अंगाला आणि दोन खाली जवळ जवळ. किरण त्या तिघींवर जायचा आहे. आणि तू फुल्या तिथून उचलून टाक्यांवर नेल्यास! एवढं सगळं डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं, आणि तू वर "लिव्हरला शेक" म्हणून टोमणे मारतोस. थट्टा सुचते तरी कशी तुला?

डोस कमी का, ते मी तुला सांगेन, पण आधी तू जाऊन त्या बाईंची माफी माग. नवा स्कॅन काढून नव्या खुणा काढतील. डॉक्टर म्हणाले ३ मार्चपर्यंत परत सुरू केलं तर तुला या अभ्यासात ठेवता येईल. त्यानंतर नाही. आणि ती सलाईन तुला बाहेर कुठे मिळायची नाही.

मार्कर कचऱ्यात टाक.

तुझी बहीण

१२ फेब्रुवारी

तीन गाठी.

एक वरच्या अंगाला आणि दोन खाली जवळ जवळ. चांगलं समजावून लिहिलंस. मला पहिल्यांदाच कुणी समजावलं.

पत्र घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. तुझी वहिनी भांडी विसळत होती. मी विचारलं, माझ्या लिव्हरमध्ये काय आहे? ही नळ चालू ठेवून तशीच उभी राहिली, पाठमोरी. मी नळ बंद केला. तेव्हा बोलली. ऑपरेशन झालं त्या दिवसापासून हिला ठाऊक आहे. सर्जनने हिला बाहेर बोलावून सांगितलं. मला सांगितलं "सगळं निघालं". केमो कशाला, तर "परत येऊ नये म्हणून". किरण कशाला, तर "केमोने लिव्हर दमतं, त्याला शेक". मी थट्टा करत नव्हतो ग. मला तेच सांगितलं होतं.

सात महिने. सात महिने माझ्या पोटात काय आहे हे हिला ठाऊक, तुला ठाऊक, चष्मेवाल्याला ठाऊक, बहुतेक त्या कंडक्टरलाही ठाऊक असेल. ठाऊक नाही तो फक्त पोटाचा मालक. मला लहान पोरासारखं खेळवलंत तुम्ही सगळ्यांनी मिळून. मी मूर्खासारखा टाक्यांवर फुल्या काढत बसलो आणि तुम्ही एकमेकींना फोन करून हळहळत होतात.

तू तर माझ्या पाठची. तुला ब्रश धरायला मी शिकवला. तूसुद्धा?

आता मी कुठेही जाणार नाही. ३ मार्च येऊ दे आणि जाऊ दे. ज्यांना माझ्या आजाराची एवढी माहिती आहे त्यांनी जाऊन फळीवर झोपावं.

पत्र पाठवू नकोस.

१७ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र तुमच्या हातात पडेल अशी व्यवस्था केली आहे. शेजारच्या टेलरिंगवाल्या काकूंच्या पत्त्यावर पाठवते आहे. दादाच्या हातात पडलं तर तो न वाचताच फाडेल.

तुम्ही मला ऑगस्टमध्ये काय सांगितलं होतं? "त्यांना सगळं सांगितलंय, धीराने घेतलंय त्यांनी." मी त्या दिवशी ड्यूटी संपल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले होते, माझ्या भावाने धीराने घेतलं म्हणून. कसला धीर? त्याला काही ठाऊकच नव्हतं! तुम्ही त्यालाही फसवलंत आणि मलाही. मी सात महिने त्याच्याशी फोनवर बोलताना तो विषय टाळत होते, त्याला सारखं आठवायला नको म्हणून. आणि त्याला वाटत होतं, बोलण्यासारखं काही नाहीच.

रागाच्या भरात मी जे लिहिलं ते लिहून गेले. पण मला काय माहीत, माझ्या पत्राने तुमचं बिंग फुटणार? भावाला ही बातमी मी द्यायची होती का, आणि अशी? शिव्या घालता घालता?

तो फुल्या सरकवून मशीनवर गेला, त्याचं सगळं पाप मी त्याच्या माथी मारलं. आता कळतंय. माणसाला आजार कुठे आहे हे सांगितलं नाही तर तो दुखेल तिथेच बोट ठेवणार. तुमच्या त्या "शेका"ने त्याचा जीव घेतला असता, वहिनी. मी स्पष्टच लिहिते, कारण गोड बोलून आपण काय मिळवलं ते दिसतंच आहे.

३ मार्च जवळ आला आहे. आता बोला काहीतरी त्याच्याशी. खरं बोला.

२१ फेब्रुवारी

वन्सं,

पत्र पोचलं. काकूंनी ते पदराआड लपवून आणून दिलं, त्यांना वाटलं काहीतरी भानगड आहे. भानगडच आहे म्हणा.

तुम्ही लिहिता फार छान. "खरं बोला." दुसऱ्या गावात बसून खरं बोलायला काय लागतं? तिकीट एवढं. तुम्ही ऑपरेशनला आलात, चार दिवस राहिलात, डॉक्टरांशी तुमच्या भाषेत बोललात, सगळ्यांनी तुमची वाहवा केली, आणि तुम्ही गाडीत बसलात. मागे राहिले मी आणि तो माणूस.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं ठाऊक आहे? पाणी नाही मागितलं. माझा हात धरला आणि म्हणाले, "निघालं ना ग सगळं?" तुम्ही तेव्हा औषधं आणायला खाली गेला होतात. त्यांचे ओठ फुटले होते, नाकात नळी होती. मी काय सांगायला हवं होतं, वन्सं? सांगा ना. लिहा मला पुढच्या पत्रात, त्या वेळी नेमकं कुठलं वाक्य बोलायचं असतं ते. मी "हो" म्हटलं. त्यांनी डोळे मिटले आणि झोपले, चांगले गाढ. मला वाटलं, दोन दिवसांनी सांगू. दोन दिवसांनी ते बसायला लागले. मग चालायला लागले. मग एका दुकानाची पाटी घेतली, स्टुलावर बसून रंगवली, आणि मला हाक मारून दाखवली. कधी सांगायचं होतं मी? पाटी वाळायच्या आधी की नंतर?

आणि त्यांच्या पत्रात तुम्ही डॉक्टरांनी सांगितलं म्हणता, सांगितलं की. त्यांच्या इंग्रजीत सांगितलं, भराभर, कॉम्प्युटरकडे बघत. हे मान डोलवत होते. एक शब्द विचारला नाही त्यांना. बाहेर आल्यावर मला विचारलं, "काय म्हणाले ग?" दर वेळी मलाच. मी काय दुभाषी आहे? सगळ्या जगाने आपापलं ओझं माझ्या हातात आणून ठेवलं, सर्जनने बाहेर बोलावून, चष्मेवाल्यांनी सही घेऊन, तुम्ही फोन करून. "वहिनी, त्याला जपा." जपलं. असं जपलं.

तुम्ही रडलात बाथरूममध्ये. मला बाथरूममध्येही रडता आलं नाही, कारण आमचं बाथरूम त्यांच्या पलंगाला लागून आहे.

मी चुकले असेन. पण मला खोटारडी म्हणायचा हक्क त्यांना आहे, तुम्हाला नाही.

आता इथली हकिगत. ते माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढलं तर उचलून बाहेर स्टुलावर नेऊन जेवतात. सगळ्या गोळ्या मात्र घेतात, हे मी बघून ठेवलंय. दवाखान्यातून दोनदा फोन आला, उचलला नाही. काल मी म्हटलं, माझ्यावर राग काढा, पण दवाखान्यावर काढू नका. ते म्हणाले, "मला कुणीतरी एकदा सरळ सांगितलं असतं तर." एवढंच. मी सरळ सांगायला तोंड उघडलं तर ते उठून गेले.

तुमच्यावर त्यांचा राग होता तो मीच उतरवला. सांगितलं त्यांना, वन्संना ठाऊक नव्हतं की तुम्हाला ठाऊक नाही. तुम्हीच लिहा आता. आर्जवं करत नाही मी. सांगतेय. मला जमलं नाही ते तुम्हाला जमत असेल तर करून दाखवा.

तुमची वहिनी

२५ फेब्रुवारी

दादा,

पत्र पाठवू नकोस म्हणालास. पाठवते आहे. फाडायचं असेल तर वाचून फाड.

तुला सरळ ऐकायचं होतं ना? मग ऐक, आणि मध्ये तोंड घालू नकोस.

तुझा आजार आतड्यात सुरू झाला आणि लिव्हरमध्ये गेला. तीन गाठी. ऑपरेशनने त्या काढता येत नाहीत अशा जागी आहेत. नुसत्या केमोने त्या काही दिवस थांबतात, मग परत वाढतात. म्हणून तिन्ही उपचारांची मोट बांधतायत. इम्युनोथेरपी म्हणजे तुझ्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशींच्या पायातली बेडी काढायची. पण आतड्याच्या या आजारात बहुतेक वेळा त्या पेशी गाठीजवळ फिरकतच नाहीत, त्यामुळे नुसत्या सलाईनचा फारसा उपयोग होत नाही. तिथे हा कमी डोसचा किरण येतो.

तो गाठ जाळायला नाही. जाळायचं असतं तर कंडक्टरसारखा पूर्ण दिला असता. तू जुन्या पाटीवर नवा रंग द्यायच्या आधी काय करतोस? पॉलिश पेपर घेऊन हलक्या हाताने घासतोस. रंग धरावा म्हणून. जोर लावलास तर खालचा पत्राच उघडा पडेल. हा किरण तसा आहे. गाठीचा गुळगुळीतपणा जरा मोडायचा, म्हणजे लढणाऱ्या पेशींना आत शिरायला जागा होते. जास्त दिला तर आत शिरणाऱ्या त्या पेशीच मरतात. म्हणून कमी. तू कमी आहेस म्हणून नाही, कळलं?

आता दुसरं सरळ. याची खात्री कुणीही देत नाही. अभ्यास चालू आहे म्हणजे अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही. काहींच्या गाठी आटतात, काहींच्या नाही. त्या सलाईनने जुलाब सुरू होऊ शकतात, ते त्याच दिवशी सांगायचे असतात, अंगावर काढायचे नसतात. आणि काहीही केलं नाही तर काय होईल तेही सांगते. पुढच्या उन्हाळ्यात मी तुला पत्र लिहू शकेन असं मला वाटत नाही.

लिहिलं. 

तुला आमचा राग आला, तो यावाच. मलाही वहिनीचा आला होता. मी तिला वाट्टेल ते लिहिलं आणि तिने मलाच खडसावलं, आणि बरोबर खडसावलं. तिने तुझ्याशी खोटं बोलून चूक केली. पण सात महिने ती एकटी ते ओझं वाहत होती आणि तू दर वेळी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येऊन तिलाच विचारत होतास, "काय म्हणाले ग?" आत असताना तुझं तोंड कुणी शिवलं होतं? चाळीस वर्षं गिऱ्हाईकांशी वाद घातलास आणि पांढरा कोट दिसला की मान डोलवतोस. मला याचाही राग आहे.

३ मार्चचा सोमवार शेवटचा दिवस. मी येत नाही. मी आले तर तू माझ्यासाठी जाशील, आणि मला ते नको आहे. जायचं असेल तर स्वतःसाठी जा. एकटा जा. डॉक्टरांना समोर बसव आणि विचार.

बहीण

३० मे

तिखटाबाईस,

आशीर्वाद. या वेळी मनापासून.

तीन महिने पत्र नाही म्हणून तू वहिनीला फोन करून माझी चौकशी करत होतीस, हे मला ठाऊक आहे. आता या घरात मला सगळं ठाऊक असतं.

गेलो होतो मी त्या सोमवारी, एकटाच. आधी मशीनवाल्या बाईंना गाठलं. म्हटलं, फुल्या मी हलवल्या. त्यांनी हातातली फाईल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "काका, इतक्या सरळ फुल्या मी आयुष्यात काढल्या नाहीत, तेव्हाच मला संशय यायला हवा होता." हसल्या नाहीत मात्र. त्यांना जे भोगावं लागलं ते माझ्या माफीने भरून यायचं नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. मी तिथेच बसून त्यांच्या वरिष्ठांना चिठ्ठी लिहून दिली.

मग चष्मेवाले. मी म्हटलं, मला माझा आजार सांगा. ते म्हणाले, "मी सांगितलं होतं, तुम्ही मान डोलावलीत." मी म्हटलं, मान मी गिऱ्हाईकापुढेही डोलावतो, त्याचा अर्थ कळलं असा नसतो. कॉम्प्युटर बंद करा आणि मराठीत सांगा. राग आला त्यांना. मलाही आला होता. पण खुर्ची वळवली त्यांनी. तू लिहिलंस तेच सांगितलं, फक्त तुझ्याएवढं तिखट नाही. मग मी सह्या केल्या, या वेळी वाचून.

किरण झाले, सलाईन झाल्या, केमो चालू आहे. मध्ये जुलाब लागले, त्याच दिवशी सांगितले, चार दिवस ठेवून घेतलं मला. तोंडाची चव गेली आहे. हाताच्या बोटांना मुंग्या येतात, बारीक अक्षर काढता येत नाही, याचा मला आजाराहून जास्त राग येतो. मोठी अक्षरं काढतो. लोकांना चालतात.

परवा स्कॅनचा रिपोर्ट होता. मी हिला म्हटलं, तू बाहेर बस. आत एकटा गेलो. दोन गाठी बऱ्याच लहान झाल्यात. तिसरी, वरची, आहे तेवढीच आहे. वाढली नाही, कमी नाही. उपचार चालू ठेवायचे, सप्टेंबरात परत बघायचं. त्यापुढचं मी विचारलं. ते म्हणाले, "मला ठाऊक नाही." एवढ्या वेळात त्यांचं मला हेच वाक्य सगळ्यात आवडलं.

बाहेर आलो. ही बाकावरून अर्धी उठली होती. "काय म्हणाले?" आणि काय सांगू तुला, माझ्या जिभेवर "सगळं छान आहे" तयार होतं. कुणी शिकवलं नाही, कुणी आणून ठेवलं नाही, आपसूक आलं. तिच्या त्या चेहऱ्याकडे बघून दुसरं काही बोलवेचना. मी ते गिळलं आणि सांगितलं. दोन लहान, एक तशीच, पुढचं ठाऊक नाही.

तिने माझ्या दंडावर फाडकन मारली. भर कॉरिडॉरमध्ये! "असं उभ्या उभ्या सांगतात? माणसाला आधी बसवत नाहीत?" मी म्हटलं, तूच विचारलंस. "विचारलं म्हणून लगेच तोंडावर फेकायचं?" लोक बघायला लागले. सिस्टर येऊन म्हणाली, पेशंट झोपलेत. मग आम्ही जिन्यात जाऊन भांडलो. तिथे तिने सगळं बाहेर काढलं. मी रंगाचे डबे गॅलरीत ठेवतो, ताट स्टुलावर नेऊन जेवलो, सात महिने तिला दुभाषी केलं, आणि लग्नात तिच्या मामांना मी काहीतरी बोललो होतो, तेसुद्धा. रडत होती आणि बोलत होती. मीही सोडलं नाही. माझ्या पोटातलं माझ्यापासून लपवलंस, म्हटलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. ती म्हणाली, "मग विसरू नका, पण मरूही नका."

घरी येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं. ऑपरेशन झाल्यापासून ही माझ्याशी एकदाही भांडली नव्हती. मी काहीही बोललो तरी "बरं" म्हणायची. भाजीला नाव ठेवलं तरी "बरं". मला वाटायचं, एवढ्या वर्षांनी बायको सुधारली. ती मला गेलेल्यात धरून वागत होती ग. फोटोशी कुणी भांडतं का?

आता रोज भांडते. काल मिठावरून, आज डब्यांवरून. मी तिला माफ केलेलं नाही आणि तिनेही मला केलेलं नाही, आणि तुझ्या त्या "जीव घेतला असता" वाक्याचं खातं तिच्याकडे वेगळंच उघडं आहे, ते तू येऊन मिटव. सुट्टी मिळाली की ये. रडायला येऊ नकोस, भांडायला ये.

ती दारात उभी आहे. म्हणते, पुरे झालं ते पत्र, पान वाढलंय, अन्न गार होतंय, किती वेळ लावता. मी मुद्दाम सावकाश लिहितोय.

तुझा,
दादा